थांब, मला ऐकू दे

४ मार्च, मंगळवार

वस्तू : घरचा संगणक. तक्रार : चालू होत नाही. आणून देणार : बायको. परत द्यायची तारीख : एकवीसच्या आत.

सवयीने असंच लिहून गेलो. दुकानाचं रजिस्टर आहे हे. दुकान बंद करून चार वर्षं झाली, पण निम्मी पानं कोरी होती, वाया कशाला घालवायची म्हणून रोजचं यातच लिहितो.

सकाळी हिने बटण दाबलं. एरवी घरघर होते, दिवा लागतो. आज काहीच नाही. पुन्हा दाबलं, तरी ढिम्म. मला हाक मारली, मी दाबलं. जणू माझं बोट ओळखून चालू होणार होतं.

त्यात हिच्या एकेचाळीस गोष्टी आहेत. गेल्या नोव्हेंबरात हिच्या घशातली गाठ कळली, तेव्हा औषधांनी जाईल म्हणाले होते. ही म्हणाली, जाईल तेव्हा जाईल, आवाज चांगला आहे तोवर मी बाळासाठी गोष्टी भरून ठेवते. लेक दूर देशात, तिला मे महिन्यात बाळ होणार. मग रोज दुपारी माईकसमोर बसून एका विसरभोळ्या खारीच्या गोष्टी. सगळ्या हिने मनाने रचलेल्या. तीस वर्षं तिसरीचा वर्ग सांभाळलेली बाई आहे, आवाज खणखणीत. मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचायचो आणि खारीने अक्रोड कुठे ठेवला हे मलाही कळायचं.

गाठ काही गेली नाही. एकवीसला ऑपरेशन आहे. स्वरयंत्र काढणार. त्यानंतर आवाज नाही. घोगरा नाही, बारीक नाही, नाहीच.

"अहो, होईल ना चालू?" ही म्हणाली.

म्हटलं, "अगं, बेचाळीस वर्षं बंद पडलेल्या घड्याळांवर पोट भरलंय. हा तर नुसता डबा."

"डबाच आहे हो. पण त्यात माझं सगळं आहे."

लेकीने दोनदा सांगितलं होतं, झाल्या तेवढ्या पाठवून द्या. मीच नको म्हटलं. पन्नास होऊ देत, मग एकदम देऊ. अर्धवट काम गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं नाही हा माझा दुकानातला नियम होता.

५ मार्च, बुधवार

वायर बदलून पाहिली. भिंतीतलं बटण पाहिलं, त्यावर टेबलदिवा लावून पाहिला, लागला. म्हणजे दोष आत.

कोपऱ्यावर संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. चालवणाऱ्या बाई आहेत, चाळिशीच्या, कपाळावर चष्मा आणि हातात सतत स्क्रू ड्रायव्हर. घेऊन गेलो नाही, नुसती लक्षणं सांगितली. म्हणाल्या, वीज पुरवणारी पेटी गेली असेल, घेऊन या. म्हटलं, पेटी द्या, बसवायची मी बसवतो. त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं आणि दिली. वापरलेली होती, पण काय बिघडतं.

संध्याकाळभर बसवत होतो. ही दारात येऊन उभी राहिली. काही विचारत होती, पण तोंडात स्क्रू धरले होते, उत्तर कसं देणार.

७ मार्च, शुक्रवार

पंखा फिरला! मी ओरडलोच. ही स्वयंपाकघरातून हात पुसत आली.

पडदा मात्र काळा. आणि डबा ओरडायला लागला. पीप पीप करून काहीतरी सांगत होता. असलं सांगणं आपल्या ओळखीचं. नुसत्या कानावर धंदा केलाय मी. गिऱ्हाईक काय बिघडलंय ते सांगायचं आणि मी म्हणायचो, तुम्ही थांबा, त्याला बोलू दे.

"अहो, मी काय म्हणते..."

"थांब. मोजतोय."

एक लांब, दोन आखूड. बंद केलं, पुन्हा लावलं. एक लांब, दोन आखूड. बाईंना फोन केला. चित्राचं कार्ड हललंय, म्हणाल्या, काढून त्याच्या पितळी दातांवर खोडरबर फिरवा. हिच्या जुन्या कंपासपेटीतून खोडरबर घेतला.

जेवताना विचारलं, मघाशी काय म्हणत होतीस. म्हणाली, आता आठवत नाही.

९ मार्च, रविवार

कार्ड पुसून बसवलं, पडदा उजळला. काळ्यावर पांढरी अक्षरं : डिस्क सापडत नाही.

म्हणजे जिच्यात गोष्टी आहेत तीच चकती. लाकडी मुठीचा स्क्रू ड्रायव्हर तिच्या पाठीला टेकवला आणि मूठ कानाला लावली. आत टक... टक... टक... मग शांत. पुन्हा टक. अगदी कमान अडकलेल्या घड्याळासारखं. जिवंत आहे, फक्त अडकलंय.

नीट ऐकू यावं म्हणून रेडिओ बंद करायला लावला. मग हिच्या भांड्यांचा आवाज. म्हटलं, जरा राहू दे ना ते. सकाळभर ऐकत होतो. ही समोर खुर्चीत बसून होती, हात मांडीवर ठेवून. शहाणी आहे, न सांगता गप्प बसते.

हिला शब्द दिला : एकवीसला आत जाण्याआधी तुझाच आवाज तुला ऐकवतो. हसली.

१० मार्च, सोमवार

चकती घेऊन बाईंकडे गेलो. त्यांनी कानाशी धरली आणि लगेच वीज काढली.

"काका, ही पुन्हा लावू नका. आतली सुई चकतीवर घासतेय. हे माझ्या हातचं नाही. एक प्रयोगशाळा आहे, तिथे पाठवते. बहुतेक निघेल सगळं. तीन आठवडे लागतील."

"तीन आठवडे? उघडून सुई मोकळी करायला?"

"उघडायची नाहीच! आत धुळीचा एक कण गेला तरी संपलं. हे सील दिसतंय ना? याला हात लावायचा नाही."

मग त्यांनी विचारलं, चालू असताना मधूनच वीज जायची का. म्हटलं, आमच्याकडे वीज फार जाते.

वीज जात नाही. उठताना भिंतीतलं बटण बंद करायचं ही माझी दुकानापासूनची शिस्त. ही म्हणायची, अहो, अजून बंद होतंय ते, थांबा. पण गोल गोल फिरणाऱ्या चक्राकडे बघत कोण बसणार. खट् करून बंद. त्या बाईंना हे सांगायची काय गरज? एवढ्याने काही होत नाही.

चकती परत आणली. हिला तीन आठवड्यांचं सांगितलं. म्हणाली, "मग पाठवा ना. बाळ कुठे उद्या येतंय? मी ऐकलं नाही तरी चालेल हो." असं कसं चालेल. शब्द दिलाय.

१२ मार्च, बुधवार

लेकीचा फोन. "बाबा, तो डबा ठेवा बाजूला. आईला फोनवर बोलायला लावा, फोनवर भरतं रेकॉर्डिंग. एकच गोष्ट सांगू दे."

दुपारी डोळा लागला होता. जाग आली तर आतल्या खोलीतून ही बोलतेय. फोन उशीला टेकवून ठेवला होता. "तर मग खारूताईने काय केलं..." आवाज पार चिरलेला. महिनाभरात फारच बसलाय. मध्येच खोकला, मग पाणी पिऊन पुन्हा पहिल्यापासून.

मला बघवेना. म्हटलं, "अगं, या आवाजात सांगणार होय? बाळ घाबरेल. खारीची गोष्ट आहे का भुताची?"

गंमत केली हो. हसेल असं वाटलं.

तिने फोन बंद केला. मग मी समजावलं, तुझा चांगला आवाज आत आहे, खणखणीत, मी काढतो की बाहेर. हा कशाला ठेवायचा? ती म्हणाली, बरं.

१३ मार्च, गुरुवार

रुग्णालयात तपासण्या. डॉक्टरीण बाईंनी मला वेगळं बोलावलं. पुन्हा एकदा सगळं सांगितलं, गळ्याला खाली भोक राहील, श्वास तिथून. मग म्हणाल्या, "हा आठवडा आहे तुमच्याकडे. काय बोलायचं ते बोलून घ्या. भरपूर बोलू दे त्यांना."

अजबच डॉक्टर. घसा दुखतोय तर विश्रांती द्यायची सोडून बोला म्हणतात. मी हिला सांगितलं, फार बोलू नकोस, घशाला ताण नको.

फोनवरचं कालचं कुठे गेलं म्हणून पाहिलं. हिने पुसून टाकलंय.

१५ मार्च, शनिवार

सहा दिवस राहिले. आजही भिंगातून बाहेरून पाहिली. सहा बारीक स्क्रू आहेत, चांदणीच्या डोक्याचे. माझ्याकडे तसलं पातं आहे.

धुळीचा कण म्हणे! आयुष्यभर केसाएवढ्या कमानी हाताळल्या. स्टेशनमास्तरांचं खिशातलं घड्याळ विहिरीत पडलं होतं, तेही चालू करून दिलं. सगळ्यांनी हात टेकले की वस्तू माझ्याकडे यायची. ते लोक तीन आठवडे काय करणार? तेही उघडणारच ना. त्यांना हात आहेत, मलाही आहेत.

हात थोडे थरथरतात हल्ली. पण टेबलावर मनगट टेकवलं की थांबतात.

१६ मार्च, रविवार

उघडली.

खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, टेबल ओल्या फडक्याने पुसलं. हिला म्हटलं, आत येऊ नकोस, दारही उघडू नकोस. सील फाडलं. एवढी सुंदर वस्तू मी जन्मात पाहिली नव्हती. आरसाच. त्यात माझं भिंग लावलेलं तोंड दिसत होतं. बाजूला चिमुकला हात आणि त्याच्या टोकाला सुई म्हणावं तर सुईही नाही. आरशावर एका जागी बारीक गोल चरा. तेवढाच. बाकी सगळं लखलखीत. कुठे असतील त्यात एकेचाळीस गोष्टी? घड्याळात वेळ नसते, चाकं असतात. इथे चाकंही नाहीत.

हात अडकला होता तो चिमट्याने सोडवला. धूळ नको म्हणून रबरी फुग्याने फुंकर मारली. चऱ्यावर मऊ ब्रश फिरवला, अगदी हलका. झाकण लावलं. संगणकाला जोडून बटण दाबलं.

टकटक थांबली. मनात म्हटलं, जमलं.

पडद्यावर तेच. डिस्क सापडत नाही. पाच वेळा करून पाहिलं. कान लावला तर आता काहीच नाही. टकटकही नाही.

ही दाराबाहेरून म्हणाली, "अहो, चहा ठेवू?" मी पुन्हा बटण दाबलं.

१८ मार्च, मंगळवार

काल दिवसभर हिंमत झाली नाही. आज गेलो. बाईंनी चकती हातात घेतली, उलटी केली, फाटलेलं सील पाहिलं.

"उघडलीत?"

"हं."

"ब्रश वगैरे?"

"हलकाच."

त्यांनी चकती अलगद टेबलावर ठेवली. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. समोर एक गिऱ्हाईक उभं होतं, त्याला म्हणाल्या, जरा नंतर या. मग मला खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाल्या, "काका, आता प्रयोगशाळासुद्धा काही करू शकणार नाही." पैसे विचारले तर हात जोडले.

मी मारलं. दुसऱ्या कोणी नाही. स्वतः बंद पडलेली वस्तू वेगळी आणि कारागिराने मारलेली वेगळी. दुकानात एकदा एकाने माझ्या देखत घड्याळाची कमान मोडली होती, तर मी त्याला पुन्हा त्या टेबलाला हात लावू दिला नव्हता.

घरी आलो. हिने विचारलं, काय म्हणाल्या? म्हटलं, पाठवली प्रयोगशाळेत. चकती माझ्या खिशात होती.

२० मार्च, गुरुवार

उद्या.

घरात नुसतं बसवेना. हिच्या तोंडाकडे बघवेना. म्हणून डबा पुन्हा उघडून बसलो. कशासाठी, मलाच माहीत. काहीतरी करत असलेलं दिसावं. चकती आत बसवली, सगळं खालीवर केलं तर कार्ड हललं असावं, पुन्हा ओरडायला लागला. निदान हे तरी नीट करावं म्हणून मोजत होतो.

स्वयंपाकघरातून हाक आली. "अहो."

"थांब."

"अहो."

"अगं, थांब म्हटलं ना! मोजतोय इथे. ऐकू दे जरा!"

थोड्या वेळाने आणखी एकदा, अगदी हळू. मी ओ दिली नाही. एक लांब, दोन आखूड.

मग उठून गेलो. ही रुग्णालयाची पिशवी भरत होती, टॉवेलाच्या घड्या घालत. "काय गं, काय हवं होतं?"

"काही नाही. झालं."

संध्याकाळी लेकीशी फोनवर खूप वेळ बोलत होती, हसतसुद्धा होती. माझ्यावरची नजर तेवढा वेळ हटली म्हणून मला बरं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे.

२१ मार्च, शुक्रवार

सकाळी लवकर नेलं. अर्जावर सही हवी म्हणून मला खिडकीवर पाठवलं, तिथे रांग. परत आलो तर खाट रिकामी. नर्स म्हणाली, आत्ताच नेलं हो, वाट बघत होत्या तुमची.

म्हणजे तिचं माझ्याशी शेवटचं बोलणं काय झालं? काल रात्री म्हणाली, "दिवा मालवा." सकाळी रिक्षात काही नाही. मीही काही नाही. मी रिक्षावाल्याला रस्ता सांगत होतो.

२२ मार्च, शनिवार

शुद्धीवर आली. गळ्याला पट्ट्या, नळी. मला पाहून ओठ हलले. दोनदा हलले. मग तिच्याच लक्षात आलं.

२७ मार्च, गुरुवार

पाटी आणून दिली आहे, लहान मुलांची असते तशी. अक्षर अजून तसंच, फळ्यावरचं, टपोरं. आज लिहिलं : "डबा?"

खोटं बोलायला तोंड उघडलं आणि जमलंच नाही. सगळं सांगितलं. सील, चिमटा, ब्रश, बाईंनी पाणी दिलं ते. भिंतीतलं बटणही सांगितलं. शेजारच्या खाटेवरचे लोक बघायला लागले, कारण मी रडत होतो. अडुसष्ट वर्षांचा माणूस.

तिने पाटी पुसली आणि लिहिलं : "माहीत होतं. त्या रविवारी टेबलावर एक स्क्रू उरला होता."

बेचाळीस वर्षं घड्याळजीच्या घरात काढलेली बाई. पाच दिवस मला त्याबद्दल एका शब्दाने बोलली नाही. बोलायला तेवढेच दिवस होते आणि त्यातही मला सांभाळून घेतलं.

म्हटलं, रागाव ना. काहीतरी लिही. तिने पेन्सिल बाजूला ठेवली आणि डोळे मिटले.

२ एप्रिल, बुधवार

घरी आणलं. श्वासाचा बारीक सूं सूं आवाज येतो तेवढाच. लेकीने फोन केला, मी फोन हिच्या कानाशी धरला. पलीकडून लेक बोलत राहिली. ही मान हलवत होती. मी म्हटलं, आई हो म्हणतेय. मग लेकही रडली. म्हणाली, बाबा, मी इतकी वर्षं रोज बोलले तिच्याशी आणि एकदाही भरून ठेवलं नाही. मी काय सांगणार तिला.

एक गोष्ट विचारायची राहिली होती. रोज ओठांवर येत होती. आज विचारली. "वीस तारखेला तू हाका मारत होतीस. तीनदा. काय काम होतं गं?"

तिने पाटी मांडीवर ओढली. मग लिहिलं :

"काम काही नव्हतं. नुसती हाक मारत होते. पुन्हा मारता येणार नव्हती ना."

५ एप्रिल, शनिवार

डबा कपाटावर ठेवला. दुरुस्तीवाल्या बाई भाजी घेताना भेटल्या, काकू कशा आहेत म्हणाल्या. बऱ्या आहेत म्हटलं.

हिला काही हवं असलं की वाटीवर चमचा वाजवते. आज दुपारी वाजवला. टक, टक. मी मोठ्याने ओ दिली आणि धावत गेलो. तिला मीठ हवं होतं, वरच्या फळीवरचं. काढून दिलं. तिथेच उभा राहिलो. ती बघायला लागली, काय झालं म्हणून. म्हटलं, काही नाही.

बाहेर येऊन बसलो आणि तिची "अहो" आठवून पाहिली. 'अ' वर जोर द्यायची की 'हो' लांबवायची? शेवटाला आवाज वर जायचा का खाली? सकाळपासून आठवतोय. नाही येत नीट. उभा जन्म रोज ऐकली ती हाक, त्यामुळे कधी ऐकलीच नाही.

एक लांब, दोन आखूड. हे मात्र अजून जसंच्या तसं कानात आहे.